एक वर्ष थांबू का?

ताई,

बारावीचा निकाल लागला आणि मला हव्या त्या युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला. सीट पक्की करायला तीन आठवडे आहेत. सगळे अभिनंदन करतायत, मला मात्र काहीच वाटत नाही. गेली दोन वर्षं मी फक्त अभ्यास केला. खूप थकलेय. एक वर्ष थांबावं असं वाटतं. थोडं फिरेन, वाचेन, एखादी भाषा शिकेन, काहीतरी समाजकार्य करेन. बाबा म्हणतात, एकदा खंड पडला की पोरं परत पुस्तकाला हात लावत नाहीत. आई म्हणते, तुझं तू ठरव. मैत्रिणी सगळ्या जाणार आहेत. मला थकव्यामुळे थांबायचंय की भीतीमुळे, तेच कळत नाही. अर्थशास्त्र आपल्याला आवडतं का, हेही आता सांगता येत नाही. काय करू?

– एक वाचक, वय १८

तुझं पत्र मी आधी सरळ वाचलं, मग पेन्सिल हातात घेऊन वाचलं. ‘थकलेय’ हा शब्द खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण वर्षभर काय करणार, ते तू एका ओळीत उरकलं आहेस. त्या ओळीत चार बेत आहेत आणि त्यांना चिकटून तीन शब्द आहेत: थोडं, एखादी, काहीतरी. त्या तिन्ही शब्दांखाली मी रेघ मारली. तुझी अडचण मला तिथेच दिसते.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे तुला शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. सीट सोडू नकोस. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मिळतो का, हे युनिव्हर्सिटीला आजच लेखी विचार. मिळत असेल, आणि या तीन आठवड्यांत पहिल्या चार महिन्यांसाठी तुला एक पक्की जागा सापडली, तर थांब, अगदी निर्धास्त मनाने थांब. जागा सापडली नाही, तर सरळ जा. ‘पक्की जागा’ म्हणजे काय, ते सांगण्यासाठीच हे एवढं लांब उत्तर लिहितेय.

मी स्वतः अठराव्या वर्षी एक वर्ष थांबले होते. पहिला महिना झोपले. ती झोप मला हवीच होती, तिच्याबद्दल आजही वाईट वाटत नाही. दुसऱ्या महिन्यात झोप पुरी झाली आणि गाडी तिथे अडली. सकाळी आठला डोळे उघडायचे, उठायला कारण नसायचं, म्हणून दहापर्यंत पडून राहायचे. एका भाषेचं पुस्तक आणलं होतं, त्याचे पहिले तीन धडे मी पाच वेळा केले. चौथा धडा कधीच उघडला नाही. सगळ्यात वाईट वेळ दुपारी तीनची. घर गप्प असायचं. भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडायचा, तो हळूहळू कपाटाकडून दाराकडे सरकायचा. दारापाशी पोचला की मला कळायचं, आजचाही दिवस गेला. मैत्रिणींची पत्रं यायची, नव्या खोल्यांची, नव्या ओळखींची. उत्तरात मी लिहायचे की माझं खूप वाचन चाललंय. चाललं नव्हतं.

पाचव्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंनी मला वाचनालयात नेलं. तिथे फाटकी पुस्तकं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना मदतीला कुणीतरी हवं होतं. पैसे जेमतेम. काम असं: जुनी शिवण उसवायची, पुस्तकाच्या कण्यावर सुकून बसलेला डिंक चाकूच्या बोथट बाजूने खरवडायचा, सुटलेली पानं जुळवून पुन्हा दोऱ्याने शिवायची, पाठीला पातळ कापडाची पट्टी लावायची आणि सगळं रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचं. एके दिवशी मी नऊऐवजी साडेदहाला पोचले. ते काही बोलले नाहीत. टेबलावर एक जाडजूड पुस्तक अर्धं उसवलेलं पडलं होतं. एकाने पानं घट्ट धरायची आणि दुसऱ्याने शिवायचं, असं ते काम होतं. चार हात लागत होते आणि त्यांच्याकडे दोनच होते. दीड तास ते पुस्तकासमोर नुसते बसून होते. त्यानंतर मला कधी गजर लावावा लागला नाही.

तेव्हापासून कुणीही गॅप इयरबद्दल विचारलं, की मी आधी एकच विचारते: तू एखाद्या दिवशी गेली नाहीस, तर कुणाचं काही अडेल का? पक्की जागा म्हणजे तीच. मग ती नोकरी असो, कुणाच्या हाताखाली काम शिकणं असो, नाहीतर आठवड्यातून चार दिवसांचा एखादा वर्ग. तुझ्या चार बेतांपैकी एकातही अशी वाट बघणारी व्यक्ती नाही. फिरणं, वाचणं, भाषा, तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या तू आज केल्या नाहीस तर उद्यावर ढकलता येतात. आणि अठराव्या वर्षी, घरात एकटी, खूप दमलेली मुलगी त्या ढकलतेच. यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

जिथे हे वर्ष मुलांना खरोखर घडवतं, तिथे बघ काय काय असतं. नॉर्वेत ‘फोल्कहॉयस्कूल’ नावाच्या निवासी शाळा आहेत. मुलं तिथे साधारण वर्षभर राहतात, परीक्षा नसते, गुण नसतात, पण वेळापत्रक असतं आणि एकत्र राहणारी माणसं असतात. ही कल्पना मुळात डेन्मार्कची, पहिली अशी शाळा तिथे १८४४ साली रॉडिंग या गावात सुरू झाली. जर्मनीत स्वयंसेवी सामाजिक वर्षाचा कायदा १९६४ चा आहे. तरुण मुलं बहुधा वर्षभर एखाद्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात, बालवाडीत काम करतात, त्यांना हातखर्चाला पैसे मिळतात, विमा असतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ मध्ये नव्याने प्रवेश मिळालेल्या काही मुलांसाठी नऊ महिन्यांचा परदेशातल्या सेवाकार्याचा कार्यक्रम सुरू केला, शिकवणीची फी न घेता. तिन्हींचे देश वेगळे, हेतू वेगळे, पण तिन्हीकडे सकाळी कुणीतरी तुमची वाट बघत असतं.

आता बाबांचं म्हणणं. ते तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं, कारण त्यांची काळजी हवेतली नाही. अमेरिकेत शाळा संपल्यावर लगेच कॉलेजला न गेलेल्या मुलांचा एक अभ्यास रॉबर्ट बोझिक आणि स्टेफनी डिलुका यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. उशिरा जाणाऱ्या मुलांची पदवी पुरी होण्याची शक्यता कमी दिसली. यातली बरीच मुलं गरीब घरातली होती, काहींचे शाळेतले गुण कमी होते, काहींची मधल्या काळात लग्नं झाली, मुलं झाली. हे सगळं हिशेबात धरलं तरी फरक उरतोच. तेव्हा ‘बाबा जुन्या विचारांचे आहेत’ असं म्हणून त्यांचा मुद्दा झटकू नकोस.

पण याची दुसरी बाजूही आहे. सिडनी विद्यापीठाच्या अँड्र्यू मार्टिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या मुलांचा अभ्यास २०१० मध्ये मांडला. शाळेत असताना ज्यांचा अभ्यासातला उत्साह कमी असतो, ती मुलं गॅप इयरचा विचार जास्त करतात, असं त्यांना दिसलं. यात तू स्वतःला ओळखशील. आणि विद्यापीठात पोचलेल्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा मधे वर्ष घेऊन आलेल्यांचा उत्साह उलट चांगला दिसला. लक्षात घे, हे पोचलेल्यांबद्दल आहे. वाटेत गळले ते या मोजणीत नाहीत. म्हणून दोन्ही अभ्यास मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. परत जायची तारीख आणि जागा ज्यांच्या हातात असते, त्यांना या वर्षाचा फायदा होतो, आणि ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणारे बघतच राहतात, असा मी त्यांचा अर्थ लावते. सीट सोडू नकोस असं म्हणते ते यासाठीच.

डेन्मार्कची गंमत मला या संदर्भात नेहमी आठवते. तिथली मुलं शाळेनंतर एक-दोन वर्षं सर्रास थांबतात. सरकारला वाटलं, इतका उशीर बरा नाही. म्हणून २००९ पासून शाळा संपल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करणाऱ्यांच्या सरासरीला १.०८ ने गुणायचं ठरलं. लवकर या, गुण वाढवून घ्या. दहा-अकरा वर्षं हे चाललं आणि २०२० च्या प्रवेशापासून ते बंद करण्यात आलं. एका अख्ख्या देशाला या बाबतीत एकदा ठरवून पुन्हा बदलावं लागलं. तेव्हा तुला आणि बाबांना दोन रात्री वाद घालावा लागला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

थकवा की भीती, हे ओळखायची माझ्याकडे एकच रीत आहे. विश्रांती घेतली की थकवा उतरतो. भीतीला विश्रांती दिली की ती वाढते. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. त्यातले पहिले दहा दिवस काहीही ठरवू नकोस. युनिव्हर्सिटीला मेल तेवढा पाठव आणि मग झोप, चाल, लोकांना भेट, अर्थशास्त्राचं नावही काढू नकोस. अकराव्या दिवशी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघड आणि विषयांची यादी वाच. एखाद्या नावावर तुझी नजर जरा जास्त वेळ रेंगाळली, तर समज, विषय जिवंत आहे आणि तू फक्त दमली होतीस. यादी कोरी वाटली, पण मन शांत राहिलं, तर विषयाचा पुन्हा विचार करायला हवा. आणि यादी उघडायच्या आधीच पोटात गोळा आला, तर ती भीती.

भीती असेल तर ती कशाची, ते एका कागदावर लिही. तिथे सगळेच हुशार असतील, मी मागे पडेन? अनोळखी माणसांत राहावं लागेल? घर सुटेल? यातली कुठलीही भीती एक वर्ष घरी बसून कमी होत नाही. ती पुढच्या वर्षीही दारात उभी असेल, आणि तेव्हा सोबतीला मैत्रिणी नसतील. त्या एक वर्ष पुढे गेलेल्या असतील. कागदावर नुसती भीतीच उतरली, तर मी तुला ‘जा’ म्हणेन.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. ‘मला काहीच वाटत नाही’ असं तू लिहिलं आहेस. दोन वर्षं सतत मान मोडून काम केल्यावर असं होतं, आणि बहुतेकांचं ते थोड्या विश्रांतीने ओसरतं. पण दोनेक आठवडे झाल्यावरही झोप नीट लागत नसेल किंवा सारखी झोपच येत असेल, भूक गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, तर थेट डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आई-बाबांना तसं स्पष्ट सांग. मग प्रश्न गॅप इयरचा राहत नाही, आणि कुठलाही बेत त्यावरचा इलाज नाही. जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला, तर एक दिवसही थांबू नकोस, त्याच क्षणी घरच्यांना उठव.

समाजकार्याबद्दल तू ‘काहीतरी’ म्हणालीस, तिथे मला जरा कडक बोलायचंय. गॅप इयरच्या नावाखाली अनाथाश्रमात जाऊन मुलांना चार आठवडे खेळवण्याच्या सहली विकल्या जातात. त्यात पैसा आला, आणि नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत आई-वडील हयात असलेली मुलंसुद्धा अशा संस्थांत आणून ठेवली गेली, येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार म्हणून मान्यता दिली. ज्या मुलाला दर महिन्याला नवी ताई मिळते आणि दर महिन्याला ती सोडून जाते, त्याचं काय होत असेल, याचा विचार कर. तुला सेवा करायची असेल तर घराजवळ कर, किमान सहा महिने कर, आणि जिथे तुला आधी शिकवून मग कामाला लावतात तिथे कर. जी संस्था पहिल्याच दिवशी तुला लहान मुलांच्या खोलीत सोडते, काही विचारत नाही, तुझी ओळख तपासत नाही, तिथून परत ये.

मग जागा कुठली शोधायची? तुझं अर्थशास्त्राबद्दल नक्की नाही, म्हणून मी तुझ्या जागी असते तर पैशाचे निर्णय जिथे रोज होतात अशा ठिकाणी शिरले असते. एखाद्या छोट्या व्यवसायाचे हिशेब ठेवणाऱ्याच्या हाताखाली, एखाद्या सहकारी संस्थेत, घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या अभ्यासगटात. उधारी वेळेवर का येत नाही, एका कुटुंबाने महिन्याच्या शेवटी कुठला खर्च पुढे ढकलला, हे जवळून पाहिलंस की सहा महिन्यांत तुला कळेल, या विषयात तुला खरंच रस आहे की नुसते गुण चांगले होते म्हणून तो घेतला. पगार थोडा असला तरी चालेल, शक्यतो असावा मात्र, कारण पैसे देणारा माणूस वेळेवर येण्याची अपेक्षा ठेवतो. आणि गणित सोडू नकोस. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, वही-पेन घेऊन. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला गणित लागतं, आणि वर्षभर न वापरलेलं गणित हातातून निसटतं. बाबा ज्याला खंड म्हणतात तो मुख्यतः इथे पडतो.

फिरायचं असेल तर जरूर फीर, पण वर्षाच्या शेवटी, कमावलेल्या पैशांतून, तीन-चार आठवडे. सुरुवातीला फिरायला गेलीस तर परत आल्यावर रिकाम्या घरात शिरशील, आणि तो उन्हाचा चौकोन तुझी वाट बघत असेल.

युनिव्हर्सिटीचं म्हणशील, तर प्रवेश पुढे ढकलून मागणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ब्रिटनमध्ये प्रवेशाच्या सामाईक अर्जातच पुढच्या वर्षापासून येतो असं कळवण्याची सोय आहे. हार्वर्ड तर प्रवेश मिळालेल्या मुलांना एक वर्ष थांबण्याचा विचार करा असं कितीतरी वर्षं स्वतःहून सुचवत आलं आहे. बराक ओबामांची थोरली मुलगी मालिया २०१६ मध्ये शाळेतून बाहेर पडली आणि हार्वर्डला २०१७ मध्ये गेली. पण प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात, म्हणून मेलमध्ये नेमकं विचार. सीट पक्की करायच्या आधी अर्ज करायचा की नंतर? भरलेली रक्कम पुढच्या वर्षी धरली जाते का? स्कॉलरशिप टिकते का? (पुष्कळदा सीट टिकते आणि स्कॉलरशिप जाते, हे लोकांना उशिरा कळतं.) हॉस्टेलसाठी पुन्हा अर्ज लागतो का? मधल्या वर्षात दुसरीकडे एखादा कोर्स केला तर चालतो का? काही विद्यापीठांना ते चालत नाही, तसं केल्यास प्रवेश रद्द होतो. पुढच्या वर्षी येतेय हे कुठल्या तारखेपर्यंत कळवायचं? उत्तर लेखी घे. फोनवर कुणी ‘हो हो, होईल’ म्हणालं, त्यावर विसंबू नकोस. त्यांनी ‘नाही’ म्हटलं, तर माझा सल्ला जायचाच आहे. मिळालेली, हवी असलेली सीट सोडून पुन्हा रांगेत उभं राहणं, हे एवढ्या थकव्याच्या बदल्यात फार महाग पडेल. पहिलं वर्ष करून, मग मधे विराम घेण्याची सोयही कित्येक ठिकाणी असते, तेही विचारून ठेव.

मैत्रिणी जाणार म्हणून जाऊ नकोस, आणि त्या जाणार म्हणून वेगळं काही करायचं, असंही नको. सहा महिन्यांत त्यांची नवी जगं तयार होतील आणि तुझंही होईल, तू कुठेही असलीस तरी.

बाबांशी बोलताना ‘मला एक वर्ष हवंय’ अशी सुरुवात करू नकोस. त्यांना त्यातून फक्त खंड ऐकू येईल. युनिव्हर्सिटीचं लेखी उत्तर, कामाच्या जागेचं नाव, सुरू व्हायची तारीख आणि गणिताचं वेळापत्रक, असा एक कागद त्यांच्यासमोर ठेव. खाली एक ओळ लिही की चौथ्या महिन्याच्या शेवटी आपण दोघं पुन्हा बसू, आणि तोवर मी नुसती लोळताना दिसले तर उरलेले महिने कसे घालवायचे ते तुम्ही ठरवा. ही ओळ मनापासून लिहिता आली तर लिही. लिहिताना हात अडखळला, तर त्यातूनही तुला काही कळेल.

आणि आई. ‘तुझं तू ठरव’ हे तिने विश्वासाने म्हटलं, की घरात वाद नको म्हणून म्हटलं, ते पत्रावरून मला कळत नाही. बहुतेक तुलाही कळलेलं नाही, कारण तिच्याबद्दल तू त्यापुढे एक शब्दही लिहिलेला नाहीस. बाबांसमोर कागद ठेवायच्या आधी एकदा तिच्याजवळ जाऊन बस. तिला सांग, ठरवणार मीच आहे, पण तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय. आणि मग ती बोलेपर्यंत गप्प बस.